फाइलींवरची नजर कुठे हरवते?

मीरा रोडच्या घरात एक डेस्कटॉप आणि चर्चगेटच्या लोकलमधून रोज ये-जा करणारा लॅपटॉप. दोन्हींवर लिनक्स, दोन्हींवर तेच हिशोब, तेच फोटो. अशा जोडीसाठी ‘युनिसन’ हे फार गुणी सॉफ्टवेअर आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने ते घडले. दोन्हीकडचे बदल ते जुळवते आणि एकच फाइल दोन्हीकडे बदलली असेल, तर कोणती ठेवायची ते तुम्हालाच विचारते.

बदल शोधायला मात्र त्याला दरवेळी सगळे फोल्डर धुंडाळावे लागतात. फोटो हजारोंनी असले की यात वेळ जातो. लिनक्सकडे यावर उपाय आहे. 2005 साली कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, 2.6.13 आवृत्तीत ‘आयनोटिफाय’ आले. एखाद्या फोल्डरवर नजर ठेवायला सांगितले, की काही बदलताक्षणी कर्नल स्वतःच वर्दी देतो.

युनिसनमध्ये ही वर्दी ऐकतो तो ‘युनिसन-एफएसमॉनिटर’ हा वेगळा, छोटा प्रोग्रॅम. इथेच घोडे पेंड खाते. उबुंटूच्या युनिसन पॅकेजमध्ये कित्येक वर्षे तो नव्हताच. इन्स्टॉल बिनतक्रार होई, फाइलीही जुळत. बदल होताच आपोआप जुळवणी करणारा ‘रिपीट वॉच’ हा पर्याय दिला, की मग मदतनीस प्रोग्रॅम सापडत नसल्याचे सांगून काम थांबे. शिवाय तो दोन्ही टोकांना लागतो. एकट्या लॅपटॉपवर असून भागत नाही.

असे का होते? सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे, त्याचे पॅकेज बांधणारे वेगळे. ऐच्छिक भाग राहून गेला तरी मुख्य प्रोग्रॅम चालतो, म्हणून चाचणीतही काही खटकत नाही. कधी भाग मुद्दाम वेगळा काढतात. उबुंटू ज्यावर उभे आहे त्या डेबियनमध्ये नेक्स्टक्लाउड या फाइल-साठवण सॉफ्टवेअरचे फाइल मॅनेजरमधले दुवे स्वतंत्र पॅकेजांत आहेत, आणि ते योग्यच. केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यावर ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचा भार कशाला? डेबियनने त्यासाठी पायऱ्याच ठरवल्या आहेत: ‘डिपेंड्स’ आणि ‘रेकमेंड्स’मधले सहसा आपोआप येते, ‘सजेस्ट्स’मधले आपण मागवायचे. वेगळे काढण्याला माझी हरकत नाही. पण जो भाग कोणत्याच पायरीवर नाही, त्याचा उल्लेख पॅकेजच्या वर्णनात तरी हवा. वापरणाऱ्याचा तो हक्क आहे.

तोवर टर्मिनलमध्ये ‘विच युनिसन-एफएसमॉनिटर’ देऊन पाहावे. उत्तर आले नाही, तर प्रकल्पाची तयार बांधणी दोन्ही संगणकांवर एकाच आवृत्तीची घालावी. 2022 च्या 2.52 आवृत्तीआधी तर युनिसन ज्या ओकॅमल भाषेत लिहिले आहे, तिच्या दोन्हीकडच्या कंपायलरची आवृत्तीही जुळावी लागे.