नऊ टक्क्यांचा सूर्य

सडक अर्जुनीच्या कुठल्याही बोडीतलं एक लिटर पाणी घ्या. त्यात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असतो जेमतेम 33 मिलिग्रॅम. पण त्या सगळ्याचं संमीलन, म्हणजे अणुकेंद्रांचं एकमेकांत मिसळणं, घडवता आलं, तर सुमारे 300 लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा निघेल! ड्युटेरियम वेगळा काढायची विद्या आपल्याला नवी नाही. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात जड पाणी कित्येक वर्षं तयार होतंय. घोडं अडतं ते पुढं.

सूर्याला संमीलन सोपं जातं. त्याचं प्रचंड वजनच हायड्रोजनला दाबून धरतं, त्यामुळं गाभ्यातले दीड कोटी अंश पुरतात. सेकंदाला सुमारे 40 लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं. त्यातला नखाएवढा वाटाही पृथ्वीला मिळत नाही, पण जेवढा मिळतो त्यावर इथला धान पिकतो. तिरोड्याच्या वीजकेंद्रात जळतो तो कोळसा म्हणजेही कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊनच.

पृथ्वीवर तसा दाब कुठून आणणार? म्हणून तापमान वाढवायचं: 15 कोटी अंश. अशा वायूला कुठल्याही भिंतीचा स्पर्श चालत नाही, म्हणून तो चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरायचा. आणि गंमत बघा, काही मीटरवरचे तेच चुंबक उणे 269 अंशांना थंड ठेवावे लागतात. फ्रान्समध्ये कादाराशला उभ्या राहणाऱ्या ‘ईटर’ या संमीलन प्रकल्पात हे सगळं ज्या निर्वात थर्मासात बसतं, तो भारतानं दिलाय. उंची आणि रुंदी सुमारे 29 मीटर, वजन 3,850 टन. लार्सन अँड टुब्रोनं हजिऱ्याला त्याचे भाग घडवले, ते समुद्रमार्गे गेले, आणि मे 2020मध्ये 1,250 टनांचा तळ क्रेननं अलगद खड्ड्यात उतरवला गेला.

सरकारी पैसा इथं असा पोलादाच्या रूपात दिसतो. 21 नोव्हेंबर 2006 रोजी पॅरिसमध्ये भारतातर्फे ईटरच्या करारावर सही केली अनिल काकोडकरांनी. सात भागीदार, युरोपचा वाटा सुमारे 45 टक्के, बाकीच्यांचा प्रत्येकी नऊच्या आसपास, आणि तोही बहुतांशी वस्तूंच्या रूपात. कराचा रुपया अणुऊर्जा विभागातून निघून बराचसा देशातल्याच कारखान्यांत खर्च होतो. प्रकल्पातलं ज्ञान मात्र नऊ टक्के नव्हे, सगळं मिळतं. मला हा सौदा हुशारीचा वाटतो.

उशीर मात्र फार. होमी भाभांनी 1955मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत दोन दशकांत संमीलन काबूत येईल असं भाकीत केलं होतं. ईटरचं ताजं वेळापत्रक म्हणतं: प्रयोगांना सुरुवात 2034, खऱ्या इंधनावर 2039. एवढा धीर एकट्या कंपनीला परवडणं कठीण. (सरकारांनाही पाच वर्षांनी मतं मागायची असतातच म्हणा.)

दरम्यान इंग्लंडच्या ‘जेट’ या संमीलन यंत्रानं 2023मध्ये पाचेक सेकंदांत 69 मेगाज्यूल ऊर्जा काढली. महावितरणच्या हिशेबात ती 19 युनिट भरते. यंत्र तापवायला त्याहून जास्त लागली, हे खरं. पण इंधन जळालं होतं 0.2 मिलिग्रॅम! त्यात ड्युटेरियमचा अर्धा भागीदार असतो ट्रिटियम, म्हणजे आणखी जड हायड्रोजन; तो निसर्गात जवळपास नाहीच, साडेबारा वर्षांच्या आत निम्मा विरतो. तो यंत्राच्या भिंतीतच लिथियमपासून पिकवायचा बेत आहे, आणि ती परीक्षा अजून व्हायची आहे.