खिळे न ठोकता पेटी पन्नास वर्षं कशी टिकते?

सुप्याच्या एमआयडीसीत माल घेऊन येणारी लाकडी खोकी तुम्ही पाहिली असतील. फळ्या कापल्या, खिळे ठोकले, झालं काम. काही महिने टिकली तरी पुरे. पण कपडे, कागदपत्रं ठेवायची सागवानी पेटी दोन-तीन पिढ्या टिकावी लागते. मग तिचे सांधे वेगळे का? 'जास्त मजबूत म्हणून' हे उत्तर अर्धवट आहे.

खरा मुद्दा लाकडाच्या हालचालीचा आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. तंतूंच्या लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलतं. ओलं सागवान पूर्ण सुकलं की वाढचक्रांना समांतर दिशेत साधारण 5.8 टक्के आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत साधारण 2.5 टक्के.

आता हिशेब करू. झाकण 50 सेंमी रुंद आहे. समजा, मे महिन्यात लाकडातला ओलावा 8 टक्के होता आणि पावसाळ्यात 14 टक्के झाला. फळी वाढचक्रांना समांतर कापलेली असेल तर झाकण सुमारे 6 मिमी फुगेल. दोन्ही कडांना खिळे ठोकून ते जखडलं असेल तर एक तर खिळे ढिले होतील, नाही तर फळी तडकेल.

म्हणून पेटीच्या चारही भिंतींचे तंतू आडवे ठेवतात. सगळ्या भिंती उंचीत जवळजवळ सारख्याच फुगतात-आकसतात, त्यामुळे कोपऱ्यावर ताण येत नाही. तिथे डोव्हटेल सांधा बसतो. एका फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते असतात आणि दुसरीत तशाच खाचा. शेपट्या पुढच्या-मागच्या फळीवर ठेवल्या की बाजूच्या कड्या धरून भरलेली पेटी ओढली तरी बाजूची फळी निसटत नाही. शेपटीचा उतार कडक लाकडात साधारण 1:8 आणि मऊ लाकडात 1:6 ठेवतात. उतार फार दिला तर शेपटीचे कोपरे तुटतात, फार कमी दिला तर पकड राहत नाही.

तळाचं काम उलट आहे. तळाची फळी भिंतींमधल्या झिरीत नुसती सरकवतात, सरस लावत नाहीत. उन्हाळ्यात पेटी बनवत असाल तर झिरीत थोडी जागा सोडावी लागते, कारण फळी पुढे फुगणार असते. भर पावसाळ्यात ती घट्ट बसवली तरी चालते. झाकणाखालच्या आडव्या पट्ट्यांना गोल नव्हे, लांबट भोकं पाडून स्क्रू लावतात. फळीला सरकायला वाव मिळतो.

पेट, नेटची तयारी करणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. 'कोणता सांधा चांगला?' हा संशोधनाचा प्रश्न नाही. 'कोणता भाग, कोणत्या दिशेला, किती हलेल?' हा प्रश्न मोजता येतो, आणि त्याचं उत्तर चुकीचं ठरू शकतं. म्हणून तो कामाचा.

करून बघा. एकाच फळीतून दोन पट्ट्या कापा, एक तंतूंच्या दिशेने, दुसरी तंतूंना आडवी. व्हर्नियरने लांबी मोजा, दोन दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि पुन्हा मोजा. फक्त एक अट आहे: कोणती पट्टी किती वाढेल, हा अंदाज आधी वहीत तारखेसह लिहायचा.