द्राक्षाचा डोळा उठवताना

तासगावच्या द्राक्षबागा मोडल्या जाताहेत, त्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत गेलो आणि काडीवरच्या डोळ्यापाशीच रेंगाळलो. चार-पाच मिलिमीटरचा, तपकिरी खवल्यांनी झाकलेला. येत्या हंगामाची फूट, पानं आणि नशीब असेल तर घड, सगळं सूक्ष्म रूपात आत मांडून ठेवलेलं. पेशी जिवंत आहेत, श्वास घेताहेत; पण एकीच्या दोन होत नाहीत.

तासगावच्या द्राक्षाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. थॉमसन सीडलेसमधून बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेलं तास-ए-गणेश हे वाण, साताऱ्याच्या दाभोलकर कुटुंबातले गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर आणि त्यांच्या प्रयोग परिवारात शिकलेले इथले शेतकरी, पुढे सांगलीच्या बेदाण्याला मिळालेलं भौगोलिक मानांकन. मला ओढ होती ती या डोळ्याची. झोपलेली पेशी नेमकी कशाने उठते?

उसाचा डोळा तसा सरळ असतो.  कुठल्याही ऊसकऱ्याला ठाऊक असतं की उभ्या उसाचे डोळे सहसा फुटत नाहीत. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन खाली उतरतं आणि त्यांना दाबून ठेवतं. टिपरी तोडली की शेंड्याचा हुकूम संपला; ओल आणि ऊब मिळाली की डोळा फुगतो.

द्राक्ष एवढं सरळ नाही. ही वेल मूळची कडक हिवाळ्याच्या मुलखातली. पुरेशी थंडी भोगली की तिचा डोळा आपोआप उठतो. तासगावला तेवढी थंडी पडत नाही. म्हणून इथे वेल वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. फळछाटणीआधी इथेफॉन फवारून पानगळ करतात आणि छाटल्यावर डोळ्यांना पेस्ट लावतात. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, लिटरभर पाण्यात साधारण 30 ते 40 मिली. लावलेला डोळा ओळखू यावा म्हणून त्यात रंग मिसळतात.

पेस्ट लावणाऱ्या एका मावशींच्या मागोमाग मी ओळभर चाललो. कापडाचा बोळा डब्यात बुडवायचा, सबकेनच्या, म्हणजे उपकाडीच्या, गाठीजवळचे दोन-तीन डोळे चिंब करायचे, पुढची काडी धरायची. खालच्या डोळ्यांना त्या हात लावत नव्हत्या. का, म्हणून विचारलं. त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, समदंच डोळं उठवलं तर वेल पोसंल किती?"

हे औषध डोळ्याला गोंजारत नाही, धक्का देतं. पेशीतलं कॅटलेज हे विकर ते बंद पाडतं. मग हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं आणि श्वसनाची घडी विस्कटते. या धक्क्यानंतर झोप धरून ठेवणारं ॲब्सिसिक आम्ल घटतं, साठ्यातला स्टार्च मोडून साखर सुटते, सायटोकायनिनचा जोर वाढतो. साखर आणि सायटोकायनिन या दोन्ही निरोपांनी पेशीत सायक्लिन-डी नावाचं प्रथिन तयार होऊ लागतं. एरवी विभाजनाच्या जनुकांना रेटिनोब्लास्टोमा वर्गातल्या प्रथिनाची कडी लावलेली असते. सायक्लिन-डी जोडीदार विकराच्या मदतीने या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं आणि कडी निघते. डीएनएची नक्कल सुरू झाली की पेशीला सहसा मागे फिरता येत नाही.

मला थक्क केलं ते पुढच्या गोष्टीने. ही कडी माणसातही आहे. बोट कापलं की रक्तातल्या बिंबिका वाढीचे घटक सोडतात, आजूबाजूच्या निवांत पेशींना निरोप पोहोचतो, त्यांची कडी निघते आणि जखम भरू लागते. रेटिनोब्लास्टोमा प्रथिन सापडलं लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगाचा माग काढताना. तिथे ती कडीच नाहीशी झालेली असते. पेशीचक्राचे नियंत्रक शोधणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स यांना 2001 चं नोबेल मिळालं. तासगावच्या बागेत त्याच यंत्रणेची कळ दर ऑक्टोबरला हाताने दाबली जाते. आठ-दहा दिवसांत डोळे कापसतात, मग कोवळ्या फुटीचा पोंगा दिसतो.

पण डोळा उठला म्हणजे घड आला असं नाही. घड की बाळी (म्हणजे नुसता तणावा), हे उन्हाळ्यातच ठरून गेलेलं असतं. खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांच्या सुमारास डोळ्यात एक कोंब असा तयार होतो, ज्याला दोन्ही वाटा मोकळ्या असतात. सायटोकायनिनचं पारडं जड झालं तर घड, जिबरेलिनचं झालं तर बाळी. भरपूर ऊन लागतं ते याच वेळी. 2025 साली मान्सून महाराष्ट्रात मेच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन ठेपला. ढगाळ दिवसांत घडनिर्मिती मार खाते. म्हणून शेतकरी छाटणीआधी काडी तपासून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून आत काय आहे ते बघतात. घड नसलेला डोळा कितीही पेस्ट लावून उठवला तरी नुसती फूट देतो. आणि घड असला, तरी छाटणीनंतर आभाळ धरलं की तो जिरतो. वरून डाऊनी रोग आहेच.

उन्हाची ही कसर औषधांनी भरून काढायचा प्रयत्न होतो, आणि तिथे दुसरं संकट उभं राहतं. शेंड्याची वाढ रोखून घड धरायला लावणारं सीसीसी वर्षानुवर्षं फवारलं गेलं. 2010 मध्ये त्याचेच अंश सापडल्याने आपली द्राक्षं युरोपात अडकली. अशाने एका हंगामाचं कर्ज फिटायच्या आत दुसऱ्याचं काढावं लागतं, तेव्हा माणूस बागेला कुऱ्हाड लावतो. त्याला मी दोष देणार नाही.

मला जास्त घोर लागला तो मावशींच्या हातांचा. हातमोजे नव्हते. सायनामाइड कातडी भाजतं, डोळ्यांना इजा करतं. दारू पचवणारं एक विकरही ते अडवतं. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी थोडी जरी घेतली तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. युरोपीय संघाने 2008 मध्येच सायनामाइडला मान्यता नाकारली. इथे पेस्टशिवाय बाग एकसारखी फुटत नाही, हे मान्य. तेव्हा बागायतदारांनो, छाटणीचा खर्च मांडताना रबरी हातमोज्यांचा आणि चष्म्यांचा आकडा त्यात धरा, आणि पेस्टच्या दिवशी दारूला शिवायचं नाही, हे टोळीला सकाळीच बजावून सांगा.