देवमासे इथेच होते

2015 साली देवगडच्या कुणकेश्वरजवळ संशोधकांच्या होडीला निळा देवमासा दिसला, सोबत पिल्लूही. ‘शंभर वर्षांनी दर्शन’ असे मथळे आले. आनंद झाला, पण मथळा पटला नाही. खोल पाण्यात होड्या नेणारे तांडेल देवमाशांच्या फवाऱ्याबद्दल कधीपासून सांगत होते. ते टिपून ठेवणारे कोणी नव्हते.

त्याआधी कोकणात अशा समुद्री प्राण्यांची ओळख म्हणजे किनाऱ्यावरची ‘डॉल्फिन दर्शन’ पाटी: दापोलीजवळ मुरुड-कर्दे, मालवणात तारकर्ली-देवबाग. थंडीत, वारा उठायच्या आत होडी सुटे. दिसत ते हंपबॅक डॉल्फिन, किनाऱ्यालगतचे उथळ पाणी सहसा न सोडणारे. तारली-बांगड्याच्या मागे तेही आणि मच्छीमारही, त्यामुळे फाटलेल्या जाळ्यांचा राग त्यांच्यावर निघे. गेल्या दशकात कोकण सिटेशियन रिसर्च टीम या देवमासे-डॉल्फिन अभ्यासणाऱ्या गटाने होडीतून पाहण्या केल्या, मच्छीमारांशी बोलून नोंदी जमवल्या.

देवमासे विरळ का झाले, त्याचे एक उत्तर मात्र कोकणाबाहेर आहे. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे जगातल्या इतर हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर इथेच राहतात. देवमासे मारणाऱ्या सोव्हिएत ताफ्यांनी 1966च्या सुमारास त्यांतले 242 मारले आणि आकडे दडवले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते बाहेर आले. आता हे देवमासे शंभराच्या आत उरले असावेत, असा अंदाज आहे. म्हणून 2017 अखेरची बातमी मला कुणकेश्वरइतकीच मोलाची वाटते: ओमानजवळ उपग्रहाने माग काढणारा टॅग लावलेली लुबान नावाची मादी अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली. ओमानचा देवमासा आणि आपला देवमासा असा भेदच उरला नाही.

दुःखाच्या नोंदीही याच काळातल्या. 2015च्या जूनमध्ये रेवदंड्याला 42 फुटांचा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. 2023च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला अडकलेल्या पिल्लासाठी गावकरी आणि वनखाते राबले, तरी ते वाचले नाही. दरम्यान 2018च्या अखेरीस राज्याने चांगला निर्णय घेतला: जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई.

डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या मात्र वाढल्या. एक कळप दिसला की चारी बाजूंनी इंजिने धावतात, आणि पिल्लू असलेली मादी बुडी मारून दूर निघते. लांबवर इंजिन बंद करून थांबणारे तांडेलही आहेत. पर्यटकांनी त्यांचीच होडी धरावी आणि ‘अजून जवळ घ्या’ म्हणून त्यांच्या मागे लागू नये.