गाडी गेली, गोडी उरली!

माहीत आहे का, मगांपासून टी-शर्टांपर्यंत सगळीकडे मिरवणारं 'कीप काम अँड कॅरी ऑन' (शांत राहा आणि पुढे चालत राहा) हे पोस्टर पुन्हा उजेडात आलं ते एका बंद रेल्वे स्टेशनात?

स्टेशनचं गाव ॲनिक, इंग्लंडच्या नॉर्थंबरलंडमधलं. स्पेलिंगमध्ये एल आहे, डब्ल्यूही आहे, पण बोलताना दोघंही विदाउट तिकीट गायब!

लंडन-एडिंबरा मेन लाइन गावाला टाळून गेली, म्हणून १८५० मध्ये ॲनिकसाठी जेमतेम पाच किलोमीटरचा खास फाटा टाकला. १८८७ मध्ये वास्तुविशारद विल्यम बेल यांनी नवं स्टेशन बांधलं, डोक्यावर काचेचं भलंमोठं दुपाखी छत! एवढ्याशा गावात एवढा थाट? अहो, इथल्या किल्ल्यात ड्यूक राहायचे आणि त्यांच्याकडे राजघराण्यातले पाहुणे यायचे. आणि हा किल्ला तुम्हीही पाहिलाय! पहिल्या दोन हॅरी पॉटर सिनेमांतलं हॉगवर्ट्स आठवा.

१९६८ च्या जानेवारीत प्रवासी गाड्या थांबल्या, ऑक्टोबरात मालगाड्याही. खेळ खल्लास? छे!

१९९१ मध्ये मेरी आणि स्टुअर्ट मॅनली यांनी इथे जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं, 'बार्टर बुक्स'. वाचून झालेली पुस्तकं द्या, खात्यावर रक्कम जमा, त्यातून दुसरी घेऊन जा! थंडीत शेकोटीपाशी बसा आणि मान वर करा: कपाटांच्या माथ्यावरून चिमुकली झुकझुकगाडी धावतेय. या स्टेशनात गाडी अजून सुटते, मला तर हेच सगळ्यात आवडतं!

आता ते पोस्टर. २००० साली लिलावातल्या पुस्तकांचं खोकं उपसताना तळाशी घडी केलेला लाल कागद निघाला. वर मुकुट, खाली पाच शब्द. १९३९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, ब्रिटिश सरकारनं याच्या सुमारे २४.५ लाख प्रती छापल्या होत्या. भीषण हल्ला झालाच तर लावायच्या म्हणून राखून ठेवल्या, आणि पुढे कागदटंचाईत बहुतेकांचा लगदा झाला! मॅनलींनी सापडलेली प्रत फ्रेम करून दुकानात लावली. गिऱ्हाइकं ती विकतच मागू लागली, म्हणून नकला छापल्या. बाकी तुमच्या मगावर आहेच.

अन् खऱ्या गाड्या? हौशी मंडळींनी फाट्यावर पुन्हा रूळ टाकायला घेतलेत. जुन्या मार्गावर बायपास आडवा आलाय, म्हणून गावाच्या कडेला त्यांनी नवंकोरं स्टेशन उभारलंय. नाव? लायनहार्ट!