निळी पडलेली धार : सुरी, कोयता आणि निसणा

ही सुरी आधी बघून घ्या आणि पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. हाताळायला हरकत नाही, कारण आता तिला धार फारशी उरलेली नाही. टोकाजवळ बोटभर लांब निळसर-जांभळा पट्टा दिसतोय ना? आजचं व्याख्यान त्या पट्ट्याबद्दल आहे.

ही जपानी सुरी आहे, माझ्या पुतण्यानं आणलेली. वर्षभर छान चालली. मग कांदा चिरण्याऐवजी चेचायला लागली, म्हणून मी ती दारावर आलेल्या सायकलवाल्या धारवाल्याकडे दिली. त्यानं पायडल मारलं, ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत काम झालं. चार दिवस सुरी वस्तऱ्यासारखी चालली आणि पाचव्या दिवशी पुन्हा बोथट. चूक त्या माणसाची नाही, माझी आहे. का, ते सांगतो.

पोलाद कडक कसं होतं? लोहार पातं लालबुंद करतो, म्हणजे साधारण ८०० अंशांपर्यंत नेतो, आणि एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतो. याला आपण पाणी देणं म्हणतो. पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा थोडं, दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवून तो ठिसूळपणा काढतात. सगळी करामत या दुसऱ्या तापवण्यात आहे. इथं जास्त तापलं की पातं मऊ पडतं. किती तापलं ते रंग सांगतो : सव्वादोनशेच्या आसपास गवती पिवळा, तीनशेजवळ निळा. म्हणजे माझ्या सुरीची कड कोरड्या चाकावर तीनशे अंशांपर्यंत गेली. दिलेलं पाणी तिथं उतरलं! धारेची कड कागदापेक्षा पातळ असते, ती तापायला क्षणभर पुरतो.

जपानात ओसाकाच्या शेजारी साकाई नावाचं शहर आहे. तिथं सुरी एकटा माणूस करत नाही. पातं घडवणारा लोहार वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. धार लावणं हा तिथं स्वतंत्र आणि मानाचा धंदा आहे. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? घडवणारा घिसाडी किंवा लोहार, आणि शस्त्राला झिलई-धार देणारा शिकलगार. 'सैकल' म्हणजे झिलई, त्यावरून तो शब्द आला. १८७६ साली जपान सरकारनं तलवार बांधून फिरायला बंदी केली आणि तलवारी घडवणारे बरेच कारागीर स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांकडे वळले. इकडे १८७८ साली इंग्रजांचा हत्यारांचा कायदा आला. आपल्या शिकलगारांच्या हाती पुढे कात्र्या, अडकित्ते आणि विळ्या राहिल्या. तिकडच्या सुरीला हजारो रुपये मिळतात आणि इकडे धार लावणाऱ्याशी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. असो.

आता दुसरं पातं बघा, हा उसाचा कोयता. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती, ते तुम्हाला सांगायला नको. बीडकडून तोडणीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता'च म्हणतात, उचलही कोयत्यावर मिळते. मजुरी टनावर असते. म्हणजे कोयता बोथट झाला की एका उसाला दोन घाव लागतात, मनगट भरून येतं आणि टन कमी भरतो. धारेचा असा थेट पैशाशी हिशोब आपल्या स्वयंपाकघरात नसतो.

हा कोयता बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा असतो. त्याच्यावर कानस चालवली की ती धातू चावते, कीस पडतो. माझ्या सुरीच्या चांगल्या भागावर तीच कानस नुसती घसरते, कारण सुरी जवळजवळ कानसीइतकीच कडक आहे. यावरून कोयता हलक्या प्रतीचा, असं समजू नका हं. बुडख्याशी दगड लागला तर कोयत्याची कड वाकते आणि बांधावर बसून कानशीनं सरळ करता येते. जपानी सुरी त्या जागी टवका सोडेल. कोयत्याला जाड कोन हवा, एका बाजूनं पंचवीस-तीस अंश. सुरीला पंधरा पुरतो. म्हणून हातात आलेलं पातं आधी कानसीला विचारावं : मुठीजवळ अगदी हलकं घासून बघा. चावली तर कानस चालेल. घसरली तर पाण्याचा दगड, म्हणजे निसणाच लागेल, आणि कोरडं चाक अजिबात नको.

दगड कसा वापरायचा? हजार नंबरचा एक दगड घरात पुरतो. तो दहा मिनिटं पाण्यात भिजवा. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून एक सेंटिमीटर उचला, पंधरा अंश आपोआप होतात. त्याच कोनात सावकाश घासा. किती वेळ? पलीकडच्या बाजूला अंगठ्याच्या नखाला बारीक खरखरीत काठ लागेपर्यंत. तो काठ मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागला पाहिजे. बहुतेक जण इथंच फसतात, खरखर यायच्या आधी बाजू बदलतात आणि दगडाला नावं ठेवतात. मग दुसरी बाजू तशीच करायची आणि शेवटी हलक्या हातानं, आलटून पालटून, ती खरखर काढून टाकायची. काही जपानी सुऱ्यांना एकाच बाजूनं धार असते. त्यांची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवूनच फिरवायची, उचलायची नाही.

[श्रोत्यांतून प्रश्न : आमच्या विळीला काय करायचं?]

चांगलं विचारलंत ताई. विळी दगडावर नेता येत नाही, म्हणून दगड विळीकडे न्यायचा. पाट पायाखाली दाबून धरा आणि लहान ओला दगड धारेकडून पाठीकडे फिरवा, म्हणजे बोटं धारेवर येत नाहीत. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करा. बुडाची बिनचकाकीची गोल कड असते ना, तीही काम देते. खोवणीच्या दातांना मात्र दगड लावू नका, तिथं बारीक तिकोनी कानस हवी, प्रत्येक खाचेत दोनतीनदा.

आणि ती सुरी कुठपर्यंत पोचली? परत येऊ द्या बरं का, तेवढा निळा भाग घासून काढायचाय मला.