पहिला ट्रक घेताय? मग ड्रायव्हरची मुलाखत केबिनमध्ये घ्या



"सर, राखेच्या कामाला एक हायवा लावायचाय. हप्ता निघेल का?"

परळी, सिरसाळा, गंगाखेड या पट्ट्यातल्या तरुणांचा हा ठरलेला प्रश्न. आणि प्रश्न चुकीचा नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर असते, शंभर टन कोळसा जाळला की तीसेक टन राख उरतेच. ती राख सिमेंटला लागते, विटांना लागते. हिवाळ्यात वर ऊस असतोच. म्हणजे गाडीला काम आहे.

पण हिशोबाची वही उघडली की सगळे चारच आकडे लिहितात: डिझेल, टायर, पगार, हप्ता. पाचवी गोष्ट कोणीच लिहीत नाही. ती म्हणजे ड्रायव्हरची नजर. तुम्ही तीसचाळीस लाखांची वस्तू एका माणसाच्या दोन डोळ्यांच्या भरवशावर रस्त्यावर सोडता. ते डोळे बघतात कसे, हे तुम्ही कधी तपासलंय का?

समजा, महिन्याचा हप्ता ४५ हजार आहे. म्हणजे गाडी उभी असली तरी रोजचे दीड हजार जातात. अपघात झाला की पंचनामा, आरटीओची तपासणी, विम्याचा सर्व्हेअर, मग गॅरेज. महिना कसा जातो कळत नाही. आणि हे फक्त पत्रा वाकला तर. माणूस गेला तर त्याचा हिशोब कुठल्याच वहीत बसत नाही.

हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ३ जून २०१४ ला सकाळी दिल्लीतल्या एका चौकात गोपीनाथराव मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि परळीने आपला माणूस गमावला. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर विनायकराव मेटे यांची गाडी पुढच्या अवजड वाहनाला धडकली. एक अपघात चौकातला, दुसरा अवजड गाडीच्या मागचा. रोजच्या रस्त्यावरही याच दोन जागा सांभाळायच्या असतात.

केबिनमधली दहा मिनिटं

ड्रायव्हर ठेवताना आपण काय विचारतो? "किती वर्षं गाडी चालवतोस? लायसन्स आहे ना?" झालं. त्याऐवजी हे करा. त्याच्या शेजारी बसा, गाडी परळीतून अंबाजोगाई रस्त्याला काढायला लावा आणि सांगा, "भाऊ, दहा मिनिटं जे जे दिसतंय ते मोठ्याने बोलत चला."

चांगला ड्रायव्हर असं बोलेल: "पुढे लांब एसटी थांबलीय, माणसं उतरून रस्ता ओलांडतील. डावीकडून मोटारसायकल येतेय. मागे कार आहे, ओव्हरटेक मारणार. शेतातून ट्रॅक्टर निघतोय, चाकाला चिखल आहे, म्हणजे रस्ता निसरडा." कच्चा ड्रायव्हर फक्त पुढच्या गाडीबद्दल बोलतो, नाहीतर गप्प बसतो. हात दोघांचेही सफाईने चालतील, फरक नजरेत असतो. हीच खरी मुलाखत.

ड्रायव्हर आधीच कामावर असेल तरी हरकत नाही. नजरेची सवय शिकवता येते. या पाच गोष्टी त्याला सांगा, आणि आधी स्वतः शिका.

१. नजर लांब टाका. आपण १५ सेकंदांनी जिथे पोहोचणार, तिथपर्यंत बघत राहायचं. ताशी ५० च्या वेगाला हे अंतर साधारण २०० मीटर होतं. बरेचजण पुढच्या गाडीच्या पाटीकडे बघत चालवतात. ती पाटी थांबली की मग यांचा ब्रेक. भरलेली गाडी अशी थांबत नसते, राव.

२. नजर फिरती ठेवा. लांब, जवळ, उजवा आरसा, लांब, डावा आरसा, मीटर, परत लांब. दर सातआठ सेकंदांनी एक तरी आरसा बघून झाला पाहिजे. एकाच जागी खिळलेले डोळे उघडे असतात, पण बघत नसतात. आणि लक्षात घ्या, फुगीर आरशात मागची गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते.

३. न दिसणाऱ्या जागा पाठ करा. ट्रकला चार बाजूंनी आंधळ्या जागा असतात: नाकासमोर अगदी जवळ, पाठीमागे, उजव्या दाराखाली आणि सगळ्यात मोठी डावीकडे. डावीकडे वळताना मोटारसायकल नेमकी तिथेच घुसते. हे ड्रायव्हरला पटवायचं असेल तर गाडी उभी करा, त्याला सीटवर बसवा आणि स्वतः गाडीभोवती चक्कर मारा. "दिसतोय का?" विचारत राहा. कुठे कुठे "नाही" येतं ते त्याच्या कायमचं लक्षात राहील. रिव्हर्स घेताना किन्नर खाली उतरलाच पाहिजे, आणि आरशात दिसेल अशा जागी उभा राहिला पाहिजे. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची.

४. चौकात उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे पहिला धोका उजवीकडून येतो. आपल्याला रस्ता मोकळा आहे म्हणजे समोरचा थांबेलच असं नाही. महाशिवरात्रीला वैद्यनाथाच्या दर्शनाची गर्दी असते तेव्हा तर रस्त्याच्या कडेला उभा असलेला प्रत्येक माणूस आता पाऊल टाकणार, असंच धरून चाला.

५. रात्री उजेडापुरताच वेग. हे गणित नीट बघा. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेले. भरलेली गाडी थांबायला पुढे आणखी ३५-४० मीटर. एकूण साठाच्या वर. आणि डिपर लाईटमध्ये नीट दिसतं जेमतेम ४०-५० मीटर. म्हणजे पुढे उसाची ट्रॉली उभी असेल, तिला रिफ्लेक्टर नसेल, तर ती दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. तेच ताशी ४० ला ३०-३५ मीटरमध्ये काम होतं. समोरच्याचा लाईट डोळ्यावर आला तर त्याच्याकडे बघू नका, रस्त्याची डावी कड धरा.

त्या ट्रॉलीवर कोण असतं, हेही ड्रायव्हरला आठवण करून द्या. आपल्याच जिल्ह्यातलं ऊसतोडीला निघालेलं कुटुंब, कुठे कुठे झोपलेली लेकरं.

राखेच्या रस्त्यावर

पुढच्या हायवातून राख उडत असेल तर अंतर दुप्पट करा, आणि त्या धुरळ्यात ओव्हरटेक करायचाच नाही. कन्हेरवाडीच्या घाटात तर मुळीच नाही. प्रत्येक खेपेला काच, आरसे, लाईट आणि टेपा ओल्या फडक्याने पुसायच्या. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल ही रिफ्लेक्टर टेप कायद्यानेही लागते. टेप आहे पण तिच्यावर राखेचा थर आहे, तर ती नसल्यातच जमा. आपल्या गाडीवर ताडपत्री घट्ट बांधा, म्हणजे मागच्याचे डोळे वाचतील.

आता तुमचा भाग

खरं सांगू? ड्रायव्हरची नजर बऱ्याचदा मालकच बिघडवतो. "आज एक खेप जास्त मार, शंभर रुपये जास्त देतो" असं आपण म्हणतो. मग तो जेवण टाळतो, झोप मारतो, रात्री पळवतो. वर फोन करून "कुठं पोचलास?" हेही आपणच विचारतो. चालू गाडीत तो फोन उचलतो तेव्हा त्याची नजर कुठे असते?

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असा नियम होता. हा कायदा मुख्यतः पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू व्हायचा. तुमच्याकडे एकच माणूस असला, तरी त्याचे डोळे काही वेगळे नसतात. त्यामुळे खेपेवर बक्षीस देण्यापेक्षा ओरखडा न लागता गेलेल्या महिन्यावर बक्षीस द्या. दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायची परवानगी तोंडाने द्या, नाहीतर तो घाबरून थांबणार नाही. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या, चष्म्याचा खर्च तुम्ही करा. एका टायरच्या मानाने तो काहीच नाही.

या आठवड्याचं काम: गाडी घेतली असेल तर एक पूर्ण खेप ड्रायव्हरच्या शेजारी बसून करा. घेतली नसेल तर ओळखीच्या गाडीमालकाला विनंती करून करा. मोबाईल खिशात ठेवा आणि वहीत लिहा, कुठे तुम्हाला दिसलं पण त्याला दिसलं नाही. परत आल्यावर चहा घेत त्याच्याशी त्या जागांबद्दल बोला, पण मालक म्हणून रागावू नका. आणि मग हप्त्याचा हिशोब परत मांडायला बसा.